फुगवटा

तळहातावर वळलेला मातीचा दोरा तुटत नव्हता. सुतळीइतका झाला, मग शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक, तरी तसाच काळा, लिबलिबीत... आणि त्याला वास होता. साबणाचा, शिळ्या तेलाचा, आणि त्याच्याखाली आणखी कशाचा तरी. इतकी चिकट माती पाणी पिऊन फुगते, हे ती झोपेतही सांगू शकली असती. रस्त्यांखालची माती तपासणं हीच तिची नोकरी. पण पाणी आलं कुठून? पाऊस होऊन महिने लोटले होते, पलीकडच्या विहिरीचा तळ दिसत होता, आणि इथे कमरेइतक्या खड्ड्यात पाझर! वर गल्लीचा रस्ता असा उचलला गेलेला की फाटकं उघडेनात. एका म्हाताऱ्यानं तर पडून खुबा मोडून घेतला होता.

"मुळं आहेत मुळं," खड्ड्याच्या काठावरून काका म्हणाले. "तू नुसतं लिहून दे. झाड आम्ही उद्याच आडवं करतो."

काका म्हणजे तिच्या मावशीचे यजमान, गल्लीचे स्वयंघोषित कारभारी. झाड समोरच्या निवृत्त नर्सबाईंचं. गल्लीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या आपल्या फाटकात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"झाड पाणी ओढून घेतं, काका. तिकडे रस्ता उलट खचलाय. फुगलाय तो तुमच्या दाराशी. झाड तोडलंत तर आणखी फुगेल."

"बघा! आम्हीच शिकवली आणि आम्हालाच शिकवते," काका हसले. तीही हसली. हसू आपोआपच आलं, ढेकर यावी तसं, आणि त्या हसण्याचीच तिला शिसारी आली.

आई गेल्यावर मावशीनं तिला याच घरात वाढवलं होतं. माया केली, खोटं कशाला बोला. पण घर काकांचं. आणि काकांना स्वच्छतेचं वेड. न्हाणीघराच्या जाळीत केस अडकले की ते काडीनं उचलून कागदावर ठेवायचे आणि पाहुण्यांसमोर म्हणायचे, "हे बघा आमच्या राजकन्येचं वैभव." कागदावरचा तो ओला, साबण लागलेला गुंता... पाहुणे हसायचे, मावशी पानात बघायची. तेव्हापासून कितीतरी वर्षं ती स्वतःचेच केस बोटाला लागले तर शहारायची—आपल्याच अंगाची घाण वाटायला कुणीतरी शिकवावं लागतं, आणि तिला ते फार नीट शिकवलं गेलं होतं.

सकाळी तिनं तपास सर्वांत जवळच्या घरापासून सुरू केला होता. संडासात हिरव्या रंगाची पूड टाकून भरपूर पाणी सोडायचं, मग तो रंग कुठे उगवतो त्याची वाट बघायची. "टाक ना, हवी तेवढी टाक," काका म्हणाले होते, "आमचं घर आरशासारखं." अंगणात मैलापाण्याच्या चेंबरचं झाकण शोधायला गेली तर तिथे नवी खोली उभी. गुळगुळीत फरशी, त्यावर काकांची मोटार. "आणि चेंबर?" असं तिनं विचारलं तेव्हा मावशीच्या हातातला कप बशीवर वाजला होता. चहा तिनं तरीही प्यायला. आता तोच चहा घशाशी येत होता.

कारण खड्ड्याच्या भिंतीतून, रस्त्याखालच्या मुरमातून, हिरवा ओघळ उतरत होता.

ती बघत राहिली. नळी तोडून, तोंड जमिनीत सोडून, वर फरशी घातली की झालं—मैला आपला आपण जिरतो! शेजाऱ्याच्या पायाखाली जिरतो, म्हाताऱ्याच्या खुब्याखाली जिरतो, आणि कुऱ्हाड पडते ती बाईच्या झाडावर. इतकी वर्षं ज्या हातांनी तिचे केस उचलून दाखवले...

"काका, हे तुमच्या घरचं पाणी आहे."

एवढं मोठ्यानं बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. नर्सबाईंनी हाताची घडी सोडली. दोन-तीन दारं उघडली.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "घरचं माणूस आहेस ना तू? मावशीला या वयात तोंड लपवायला लावणार?"

मावशी मागे येऊन उभी होती. हातात टॉवेल.

"तुला माहीत होतं," ती मावशीला म्हणाली.

मावशीनं टॉवेल पुढे केला. "आधी वर ये," ती म्हणाली. "हात धू. किती घाण लागलीय."

घाण लागली होती खरी—कोपरापर्यंत, नखांत, कपाळावरच्या बटेलाही. एरवी ती अशा वेळी साबणासाठी सैरावैरा धावली असती. आज ती खाली वाकली, नमुन्याची बाटली त्या ओघळाखाली धरली, पाणी बोटांवरून वाहू दिलं. अंगावर काटा आला नाही. शिसारी मात्र तशीच होती, फक्त आता ती कुणाची ते तिचं तिलाच कळेना. काकांवर तिला आयुष्यात पहिल्यांदा सरळ, स्वच्छ राग आला होता, पण वर टॉवेल धरलेला मावशीचा तो हात... ज्या हातानं ताप आल्यावर रात्र-रात्र कपाळ चेपलं, तो घ्यावा की न घ्यावा? आणि घेतला, तर आपल्याला शहारायला होईल का—या विचाराचीच तिला भीती वाटली, आणि ती वर बघेना.