पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

पिशवीच्या आतल्या बाजूला लाल बोट उमटलं होतं.

तुळजाबाई कचऱ्याचा डबा रिकामा करायला वाकल्या, तेव्हा सीलिंग मशीनच्या खाली ती फाटकी प्लॅस्टिकची पिशवी दिसली. त्यांनी ती चिमट्याने उचलली. आधी वाटलं, कुणाचं तरी बोट कापलं असेल. पण रक्त सुकलं की तपकिरी पडतं. हे लालच राहिलं होतं आणि कडेने थोडं पसरलं होतं. त्यांनी खोलीतले दिवे घालवले आणि पिशवी निळ्या दिव्याखाली धरली.

डागाभोवती फिकट कडं उजळलं.

तेल.

"मोनिका," आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "हिकडं ये. ही पिशवी कुणी फोडली?"

मोनिका धुण्याच्या टाकीतून फिल्टर काढत होती. न्हावरे गावची पोर, उन्हाळ्यात कामाला लागलेली, हाताला चांगली. तिने पिशवीकडे पाहिलं आणि मास्कच्या वरचे तिचे डोळे मोठे झाले.

"मावशी, ते... परवा खंडेनवमीला..."

"बोल."

"मोठे मालक आत आले व्हते. तुम्ही तवा भायेर नळापाशी व्हता. म्हणले, पान्ह्याला पुजलं, चिमट्याला पुजलं, आन् ज्याच्यावर समद्यांचं पोट चालतं ते काय रॅकवर पडून बघत बसणार? त्यांनीच पिशवी फाडली. टिळा लावला, हात जोडले."

"तेलाचा?"

"कोरडं कुंकू राहीना. म्हणून समईत बोट बुडवलं."

"आन् तू?"

"मी लगीच फिल्टर पुसला की! घासून पुसला, चकाचक. मग नव्या पिशवीत सील केला."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही वरडला असता." मोनिकाचा आवाज बारीक झाला. "मोठ्या मालकांना मी कसं न्हाई म्हणू, मावशी?"

"कुठला व्हता त्यो?"

"शिरूरचा. सकाळी सुदर्शनभाऊ घेऊन गेले त्यो."

शिरूरच्या त्या प्लँटमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर भरतात. भरायच्या लाईनमध्ये अंगठ्याएवढा एक फिल्टर असतो, धूळ किंवा गंजाचा कण पुढे जाऊ नये म्हणून. तो करायला ब्राँझचे बारीक मणी साच्यात भरून भट्टीत तापवतात. मणी वितळत नाहीत, फक्त जिथे एकमेकांना टेकतात तिथे धरून बसतात, आणि मधल्या फटींतून वायू जातो. त्या फटींत तेल शिरलं तर फडक्याने निघत नाही, पुसताना उलट आणखी आत जातं. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेटायला काडी लागत नाही. व्हॉल्व्ह उघडला की वायू एकदम कोंडून तापतो आणि तेवढ्यावर तेल पेटतं. मग नळी, पॅकिंग, लोखंड, पुढे जे असेल ते पेटतं. आणि व्हॉल्व्हच्या चाकावर माणसाचा हात असतो.

तुळजाबाई पिशवी घेऊन खोलीबाहेर पडल्या. दारातली पिवळी पट्टी ओलांडताना चपला बदलायच्या असतात. आज त्यांनी त्या बदलल्या नाहीत.

शेडच्या तोंडाशी बाकावर आबा बसले होते. पोपटराव आबा. कासुर्डीच्या या माळावर पहिला पत्रा त्यांनीच ठोकला होता. आता सगळं विश्वजीत बघतो, त्यांचा मुलगा. आबा मात्र रोज सकाळी टोपी घालून येतात, बाकावर बसतात, वाचलेलाच पेपर पुन्हा वाचतात आणि कधीच काम सोडून गेलेल्या माणसांची चौकशी करतात.

"तुळजा, पळतीस कुठं? पडशील की. वय झालं आता."

"आले आबा."

नवरा गेल्यावर त्या राहू गावाहून इथे काम मागायला आल्या, तेव्हा आबांनी एकच अट घातली होती. केसांना तेल लावायचं नाही. तुळजाबाईंची वेणी तेव्हा कमरेच्या खाली जायची. गावाला वाटलं, नवऱ्याच्या दुःखात बाईने तेल सोडलं. त्यांनी कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत न पडता केस तसेच कोरडे राहू दिले. आबांनीच त्यांना निळ्या दिव्याखाली उजळणारं तेल ओळखायला शिकवलं. शिरूरच्या प्लँटमध्ये आधी स्टीलचे फिल्टर होते. आबा तिथल्या साहेबांशी भांडले, स्टील एकदा ऑक्सिजनमध्ये पेटलं की सरपणासारखं जळतं म्हणाले, आणि ब्राँझ बसवायला लावलं. त्याच माणसाने परवा समईत बोट बुडवलं होतं.

केबिनमध्ये विश्वजीतने पिशवी हातात घेतली, उजेडासमोर धरली. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा चेहराच उतरला.

"आबा?"

"व्हय."

"आणि ती मोनिका काय झोपली होती?"

"ते मागनं बोलू. फोन लावा आधी."

प्लँटचे इनचार्ज सत्यजीत साहेब. त्यांचा फोन वाजून वाजून बंद झाला. सुदर्शनने मात्र पहिल्या रिंगला उचलला. मागे टपरीवरच्या कपबशा वाजत होत्या.

"माल मगाशीच दिला, मालक. सायेब गेटवरच उभे व्हते. म्हणले, तुमच्यापायी सकाळधरनं लाईन बंद हाय. माझ्या हातातनं वढूनच घेतला."

विश्वजीतने गेटचा नंबर शोधला, फोन स्पीकरवर टाकला.

"साहब अंदर हैं," वॉचमन म्हणाला. "मोबाइल अंदर नहीं जाता. बाद में कीजिए."

"अंदर जाके बुलाव ना!" तुळजाबाई टेबलावर वाकल्या.

"गेट छोड़ के कैसे जाऊँ, मैडम?"

"गेट को कोन खाताय? अंदर का फोन हाय ना, वो लगाव! जल्दी लगाव, बाबा!"

त्या 'बाबा'मध्ये काहीतरी असावं. खटखट झाली, मग भिंतीवरच्या फोनचा पोकळ आवाज आला आणि त्यामागे पंख्यांची घरघर.

"बोला, सत्यजीत बोलतोय."

विश्वजीतने तुळजाबाईंकडे पाहिलं. मग काचेतून बाहेर, बाकाकडे.

"नमस्कार साहेब. अहो, जरा घोळ झालाय. चुकीच्या साइझचा फिल्टर आलाय तुमच्याकडे. तेवढा बसवू नका, मी दुसरा पाठवतो."

"अहो, बसवलाही. बरोबर बसला. नायट्रोजन सोडून गळती बघितली, ओके आहे. आता ऑक्सिजन सोडतोय."

"नाही, तसं नका करू. थोडं थांबा, मी काय म्हणतो..."

"विश्वजीतराव, बाहेर दवाखान्याच्या गाड्या लागल्यात. साइझचं पुढच्या वेळी बघू. ठेवतो."

तुळजाबाईंनी फोन स्वतःकडे ओढला.

"सायेब, ठेवू नका. तुळजाबाई बोलतीय. त्याच्यात तेल हाय."

पलीकडे क्षणभर नुसते पंखे. मग रिसीव्हर सुटून भिंतीवर आदळल्याचा आवाज आणि लांबून ओरडणं: "रुको! ए, हाथ निकाल! कोई हाथ नहीं लगाएगा! पीछे हटो सब!"

रिसीव्हर दोरीवर झोके घेत असावा. ठक, ठक, ठक. पावलं धावली. कुणीतरी काहीतरी लोखंडी खाली टाकलं. आणि मग एक लांबलचक फुस्कारा सुरू झाला. चढत गेला. विश्वजीत खुर्चीतून उठून उभा राहिला. तो आवाज कशाचा, हे इथे बसून कळायला मार्ग नव्हता. वायू मुद्दाम सोडल्यावरही तसाच आवाज येतो आणि नळी फुटून सुटल्यावरही. तुळजाबाईंच्या मुठीत पिशवी चुरगळत होती. बाहेर आबांनी पेपरचं पान उलटलं.

फुस्कारा बारीक झाला, थांबला. त्यानंतर काहीच नाही. ठक ठकसुद्धा नाही.

"सायेब?" तुळजाबाई म्हणाल्या. "ओ सायेब?"

"आहे." सत्यजीत साहेबांना धाप लागली होती. "सगळा दाब काढला. लाईन मोकळी केली. माणूस चाकाला हात लावून उभा होता, तुळजाबाई. अर्धा फेरा राहिला होता."

"कुणाला लागलं न्हाई ना?"

"नाही." मग आवाज बदलला. "तेल कसं आलं? बंद पिशवीत तेल? कुणाचं काम हे?"

विश्वजीत पुढे झुकला. "साहेब, ते आमचे..."

तुळजाबाईंनी हात आडवा केला.

"माझं," त्या म्हणाल्या. "परवा पूजेच्या गडबडीत माझा हात लागला. ध्यानात राह्यलं न्हाई."

"तुमचा?"

"व्हय."

"अहो, तुमच्या भरवशावर आम्ही पिशवी फोडून सरळ बसवतो. पुन्हा तपासतसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर..." ते थांबले. मग स्पष्ट, कागदावर लिहिल्यासारखं बोलले, "विश्वजीतराव, ऐकताय ना? आजपासून आमच्या मालाला ह्या बाईंचा हात लागता कामा नये. त्या खोलीत त्या असतील, तर आमचा माल तुमच्याकडे येणार नाही."

"बरं," तुळजाबाईच म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर विश्वजीतने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे कोरडे, भुरे केस, टोपीखालून सुटलेले. मोकळं कपाळ. खंडेनवमीला पूजा सुरू झाली की त्या दरवर्षी बाहेर नळापाशी जाऊन उभ्या राहतात. तसं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. कुंकवाच्या ताटाला त्यांनी नवरा गेल्यापासून हात लावला नव्हता आणि हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"मावशी, कशाला घेतलंत अंगावर? मी सांगणार होतो."

"सांगितलं असतं, मग काय झालं असतं? सायेब म्हणले असते, म्हाताऱ्याला शेडात येऊ देऊ नका. तुम्ही आणलं असतं का आबांना उद्यापासनं?"

विश्वजीतने टेबलावरचा फोन बाजूला सारला.

"घरी बसवलं तर दिवाळी बघायचे न्हाईत ते. मला काय, भायेरच्या बाकावर बी काम हाय."

"तुमची खोली आहे ती, मावशी."

"खोली मोनिका बघंल. फक्त तिला न्हाई म्हणायला शिकवायला पायजे. ते शिकवायचं माझ्याकडनं राह्यलं."

जेवणाच्या सुट्टीनंतर सुदर्शन फिल्टर परत घेऊन आला. तुळजाबाईंनी तो हातात घेतला नाही. मोनिकाला काचेच्या भांड्यात तेल सोडवणारं सफाईचं पाणी घ्यायला लावलं, फिल्टर त्यात सोडायला लावला आणि स्वतः दाराबाहेर पिवळ्या पट्टीपाशी उभ्या राहिल्या.

"बघत राहा त्याच्याकडं."

आधी काहीच झालं नाही. ब्राँझ पाण्यात सोन्यासारखं चमकत होतं, चकाचक, मोनिका म्हणाली होती तसंच. मग खालून, एका जागेवरून, गुलाबी धागा निघाला. केसाएवढा. तो पाण्यात वर चढला, वाकला, विरला, आणि मागोमाग दुसरा निघाला.

मोनिका रडू लागली.

"रडू नको. डोळ्यातलं पाणी पडंल त्यात," तुळजाबाई म्हणाल्या. "त्यो फिल्टर आता वापरायचा न्हाई. बाजूला ठीव."

संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा आबा अजून बाकावरच होते. गाडीची वाट बघत.

"तुळजा, अगं, यंदा मी आतल्या फिल्टरला बी पुजलं बरं का. इतकी वर्षं राहून गेलं व्हतं. तू कवा आठवण केली न्हाईस."

"चुकलंच आबा."

"पोचली का पूजा?"

तुळजाबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला.

"पोचली आबा. पार शिरूरला पोचली."

आबा समाधानाने हसले.

राहूला घरी पोचल्यावर त्यांनी सुनेला जेवतानाच सांगितलं, उद्यापासून बाहेरच्या बाकावर, नट-बोल्ट आणि फिल्टर बसवायची घरं घासायची. प्रगतीने कारण विचारलं नाही. सासूच्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं की विचारलं तरी मिळायचं नाही. भांडी झाल्यावर ती तेलाची वाटी कोमट करून घेऊन आली.

"मग आता लावायला काय हरकत हाय, आत्या? बसा हिकडं पुढ्यात."

"ऱ्हाऊ दे."

"बसा म्हणते ना. झाडूगत झालेत केस. नातीचा हात अडकतो त्यात."

तुळजाबाई बसल्या. तेलाचा पहिला थेंब टाळूवर पडला तेव्हा त्यांचे खांदे आखडले, जसे खोलीत कुणी न सांगता शिरलं की आखडायचे. प्रगतीची बोटं फिरत राहिली. तेल पडत होतं आणि मुरत होतं, पडत होतं आणि मुरत होतं. वाटी संपली तरी केस ओले दिसेनात.

"बया, किती पितात गं!" प्रगती म्हणाली, आणि आणखी तेल आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनिकाने खोलीच्या दारातून हाक मारली. कुरकुंभच्या कारखान्याचे फिल्टर तपासायचे होते, एकावर काहीतरी चमकल्यासारखं वाटत होतं, नक्की कळत नव्हतं.

तुळजाबाई बाकावरून उठल्या. हात साबणाने धुतले, पुसले, पुन्हा एकदा धुतले. वेणी आज गुळगुळीत होती, खांद्यावरून पुढे आली होती. ती त्यांनी मागे टाकली आणि पदराखाली झाकली. पिवळ्या पट्टीपाशी येऊन थांबल्या. आत, त्यांच्या जागेवर, मोनिका निळ्या दिव्याखाली फिल्टर धरून उभी होती.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले.

"असा न्हाई," त्या तिथूनच म्हणाल्या. "आडवा धर. हां. आता सावकाश फिरीव."