बहात्तर पायऱ्या

लिफ्टमनला आयुष्यात जिना कसा तो कधी चढावा लागला नव्हता, आणि म्हातारपणी मुलाकडे राहायला आला तर घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. नशिबाला विनोद कळतो, पण फार खालच्या दर्जाचा. एकतीस वर्षं एका कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून त्याने बटणं दाबली. साहेब वर गेले, शिपाई साहेब झाले, हा आपला बसल्या जागी.

एचआयव्ही त्याला पंचेचाळिशीत झाला, स्वतःच्या करणीने. रिपोर्ट हाती आल्यावर त्याने तो कपाटात लपवला आणि वर्षानुवर्षं बायकोला सांगितलं नाही. तिला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ती जाऊन आता अकरा वर्षं झाली. हा मात्र गोळ्यांवर तगला. रक्तात विषाणू आता सापडतसुद्धा नाही, असं दवाखान्यातले डॉक्टर सांगत. मुलाला सापडायचा. आईला पोहोचवून आल्यापासून त्याने बापाला बोट लावलं नव्हतं. ताट वेगळं, टॉवेल वेगळा, गोळ्यांची बाटलीसुद्धा टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरायचा. सात वर्षांच्या नातीला, ठकीला, आजोबांजवळ बसायची परवानगी होती, मांडीवर नव्हती. त्याला दोष तरी कोण देणार?

दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एकदा लिफ्टमनला खुर्चीतून पाच वेळा उठायला लावलं. तिसऱ्या वेळी तो खुर्चीसकट कलंडायचा बाकी होता.

"आजोबा, या आजारात हाडं-स्नायू लवकर झिजतात. रोज चाला, जिना चढा. बसून राहिलात तर एक दिवस उठताच येणार नाही."

"बाई, बसूनच तर पेन्शन मिळवलं."

बाई हसल्या, पण कागदावर मोठ्या अक्षरात 'जिना' लिहून त्यांनी तो मुलाच्या हाती दिला. आणि मुलाने, ज्याने अकरा वर्षांत बापाला 'जेवलात का' विचारलं नव्हतं, घरी आल्यावर स्वतःहून विषय काढला.

"चार मजले न थांबता चढून दाखवा. मग ठकीला शाळेत सोडायचं काम तुमचं."

म्हाताऱ्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ठकीचा हात धरून रस्त्याने जायचं, तेही मुलाच्या तोंडून!

दुसऱ्या दिवसापासून कवायत सुरू झाली. मुलाने नवे बूट आणले. कामावर जायच्या आधी तो घड्याळ घेऊन खाली उभा राहायचा, ठकी वर चौथ्या मजल्यावरून ओरडून पायऱ्या मोजायची. पहिल्या दिवशी अठरा झाल्या आणि म्हाताऱ्याच्या छातीचा भाता झाला. तळपायांना मुंग्या, गुडघ्यांत कळा. महिन्याने छत्तीस, मग चोपन्न. मुलगा खालून म्हणायचा, "अजून थोडं, बाबा." 'बाबा' हा शब्द ऐकून म्हातारा आणखी दोन पायऱ्या चढायचा. पोटचा पोर तो पोटचा पोर, शेवटी राग गिळलाच त्याने, असं म्हाताऱ्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

चौथ्या महिन्यात तो खुर्चीतून पाच वेळा टुणकन उठला. बाई खूश झाल्या.

"वा! आता आश्रमात तुमची जागा पक्की."

"कसल्या आश्रमात?"

"आपल्या पेशंटांसाठीचा वृद्धाश्रम हो. खालच्या खाटा भरल्यात, वरच्या मजल्यावर रिकाम्या आहेत. तिथे लिफ्ट नाही, म्हणून जिना चढणाराच घेतात. मुलाने फॉर्म भरलाय ना, चार महिने झाले. रविवारी तिथल्या व्यवस्थापक बाई घरी येतील तुम्हाला बघायला." बाई थबकल्या. "तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलंय की," म्हातारा म्हणाला. खोटं बोलायची त्याला जुनी सवय होती.

रिक्षात त्याने बेत पक्का केला. छत्तिसाव्या पायरीवर बसायचं, छाती धरायची, मान टाकायची. बसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नापास झाला की घर सुटत नाही, एवढा सोपा हिशोब.

रविवारी व्यवस्थापक बाई कागद घेऊन आल्या. वर ठकी उभी होती, पाठीला शाळेचं दप्तर अडकवून.

"आज सुट्टी ना गं?" म्हाताऱ्याने खालून विचारलं.

"उद्या लागेल म्हणून बघतेय!"

तो चढू लागला. छत्तीस आली. त्याने कठडा धरला, गुडघे वाकवले.

"आजोबा, थांबू नका! थांबलात तर बाबा सोडणार नाहीत मला तुमच्याबरोबर!"

त्याने खाली पाहिलं. मुलगा मान वर करून उभा होता, घड्याळ विसरून, ओठ घट्ट मिटून. आई गेल्यापासून त्याने बापाकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. आज मागत होता.

म्हातारा बसला नाही. साठ, सत्तर, बहात्तर. ठकी टाळ्या पिटत नाचली.

"उत्तम," धापा टाकत मागून आलेल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सातला गाडी पाठवते."

"म्हणजे गाडीतून शाळेत?" ठकीने विचारलं.

मुलगा दोन-दोन पायऱ्या चढत वर आला आणि त्याने बापाच्या पाठीवर हात ठेवला. अकरा वर्षांनी. घामाने भिजलेल्या सदऱ्यावर त्याने दोनदा थोपटलं.

"शाब्बास, बाबा."

हात होता तेवढा वेळ म्हातारा त्याला रेलून उभा राहिला. मग मुलगा आत गेला. बेसिनचा नळ सुरू झाला, आणि बराच वेळ सुरूच राहिला.