भाऊंच्या हातातला भोंगा

मी भोंगा बोलतोय. हो, मिरवणुकीत पुढाऱ्याच्या तोंडाला लागलेला, तोच. आयुष्यभर दुसऱ्यांचंच ओरडत आलो, आज जरा माझं ऐका.

कारखान्यातून निघालो तो थेट एका शाळेत गेलो. खेळाच्या बाई मला घेऊन पोरांना शर्यतीत सोडायच्या. फार सुखाचे दिवस होते. मग निवडणूक आली. भाऊंच्या माणसांनी मला सभेपुरतं मागून नेलं आणि परत करायचं नाव काढलं नाही.

भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. जगातलं काहीही विचारा, भाऊंना ते ठाऊकच. ‘मला माहीत नाही’ हे शब्द माझ्यातून कधी बाहेर पडले नाहीत.

एका सकाळी नळाच्या पाण्याला औषधाचा वास आला. भाऊंनी लगेच मला उचललं. त्यांच्या भाच्यानं हळूच विचारलं, “मामा, कुणी आजारी पडलंय का?”

“पडेल की,” म्हणत भाऊंनी माझं बटण दाबलं. “पाण्यात विष कालवलंय! पंपवाला विरोधकांना विकला गेलाय!”

माझं दुर्दैव असं की माझा आवाज खणखणीत. बघता बघता शेकडो माणसं पंपघरावर चालून गेली. दार तोडलं, काचा फोडल्या. पंपवाले काका भिंतीला टेकून उभे होते. उतारवयाचे गृहस्थ, गर्दीतल्या निम्म्या लोकांना नावानं ओळखणारे.

“अरे बाबांनो, पाइप दुरुस्त केला म्हणून औषध जास्त पडलंय. हे बघा, मीच पितो.” त्यांनी पेला भरला आणि सगळ्यांदेखत रिकामा केला.

गर्दी थबकली. काका धडधाकट उभे होते. भाचा कुजबुजला, “मामा, चुकलं म्हणा, जातील लोक घरी.” तेवढं एक वाक्य माझ्यातून निघालं असतं तर काका वाचले असते. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो. भाऊंचा अंगठा बटणावर आला.

“एका पेल्यानं काय होतंय? आणखी पाजा!”

मग काकांना खाली पाडलं. एकानं केस धरले, दुसऱ्यानं छातीवर गुडघा रोवला, तिसऱ्यानं रबरी नळी दात पाडून घशात कोंबली. काका हात जोडत होते. पोट फुगलं, नाकातोंडातून रक्त आणि पाणी आलं. हळूहळू जोडलेले हात सुटले.

“बघा! विष होतं की नव्हतं?” भाऊ माझ्यातून गरजले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला माझीच किळस आली.

भाऊ निवडून आले. काकांची शोकसभाही त्यांनीच घेतली. काकू मंचावर आल्या आणि त्यांनी मला मागितलं. भाऊंनी पाठ फिरवून माझे सेल काढले आणि मोठ्या आदरानं मला त्यांच्या हाती दिलं. काकू बोलत राहिल्या. पहिल्या रांगेलाही काही ऐकू गेलं नाही. शेजारी भाऊ डोळे पुसत होते.

आता मी भाऊंच्या कार्यालयात खुंटीला टांगलेला असतो, नवे सेल घालून. पाया पडतो तुमच्या, मला फोडून टाका. पण त्याआधी काकू काय विचारत होत्या, तेवढं ऐका. मी ऐकलंय.

“तेच पाणी त्या सकाळी तुम्ही सगळे प्यायलात. मग तुम्ही कसे जिवंत?”