वळणावरचा दोर

मी एक जुना दोर आहे. घाबरट दोर म्हणा हवं तर. मित्रांनो, तुम्हाला हसू येईल. दोराला पाहून माणसं घाबरतात, अंधारात साप समजून. दोरानं कशाला घाबरायचं? पण माझी गोष्ट ऐका आणि मग सांगा, माझ्या जागी तुम्ही असतात तर तुमची तरी झोप उडाली नसती का.

माझा जन्म ओढ्याकाठी झाला. घायपाताची काटेरी पानं कापून आणली, पाण्यात भिजत घातली, ठेचली आणि त्यातून पांढरे धागे, म्हणजे वाख, काढला. हे सगळं बाबांनी केलं. बाबा म्हणजे या घराचे बाबा, पण मीही त्यांना बाबाच म्हणतो, कारण मला जन्माला घातलं त्यांनीच. वाख वाळल्यावर ते माझे पेड वळायला बसले. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं ताईच्या. ताई तेव्हा दोन वेण्यांची, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली पोर होती.

"बाबा, हात भरून आला," ती कुरकुरली.

"येऊ दे. टोक सोडू नकोस. सोडलंस तर सगळा पीळ उलगडेल."

तिचे तळहात लालेलाल झाले, डोळ्यांत पाणी आलं, पण बेटीनं टोक सोडलं नाही. असे माझे तीन पेड वळून झाले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तशा जातीचा मी. जळण्याचं मला कधीच भय नव्हतं. पण कुजण्याबद्दल त्या म्हणीत काही सांगितलेलं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मला वळलं ते टेकूसाठी. टेकू हा ताईचा धाकटा भाऊ. जन्मापासून त्याच्या मेंदूचं आणि हातापायांचं नीट जमलं नाही. डावा पाय ओढत चालायचा, बोलणं सावकाश, आणि तोल म्हणाल तर आज आहे, उद्या नाही. सतत कशाला तरी टेकून उभा असायचा, म्हणून बाबांनी लाडानं नाव ठेवलं टेकू. डोकं मात्र तल्लख आणि जीभ त्याहून तिखट. त्याची आणखी एक खोड होती, म्हणजे त्याच्या शरीराची. अचानक मोठा आवाज झाला की त्याचं सगळं अंग ताडकन उडायचं. स्वयंपाकघरात भांडं पडलं की अंगणात हा पडायचा.

घराच्या मागच्या दारापासून टेकूच्या शेडपर्यंत बाबांनी खांब रोवले आणि मला त्यांच्यावर ताणून बांधलं. वाट आधी भिंतीच्या कडेनं सरळ जाते. तिसऱ्या खांबापाशी ती वळते, आणि तिथून पुढे एका बाजूला दरड आणि खाली ओढा. दोन माणसांच्या उंचीइतका तरी खोल, शिवाय तळाशी दगड. त्या वळणावर टेकूला वाईट पाय फिरवून टाकावा लागतो, म्हणून सगळा भार तो माझ्यावर टाकतो. मी तो झेलायचो. वर्षानुवर्षं झेलला. शेडमध्ये तो वेताच्या खुर्च्या विणायला शिकला. गावातल्या निम्म्या खुर्च्यांच्या बैठका त्याच्या हातच्या. खुर्ची न्यायला आलेली माणसं मला हलवून बघायची आणि म्हणायची, "दोर आहे का कठडा!" मी आतल्या आत फुगायचो.

पुढे बाबा गेले. ताई शहरात कापडाच्या कारखान्यात नोकरीला लागली. तयार शर्ट उलटा करून त्याची आतली शिवण तपासायची, हे तिचं काम. घरात आई आणि टेकू उरले. टेकूच्या तळहाताला वळणावर माझी कुसळं टोचायची, रक्त यायचं. मग आईनं एक दिवस आपल्या जुन्या निळ्या चादरीची लांब पट्टी फाडली, मला त्या जागी घट्ट गुंडाळली आणि सुईनं टाके घातले. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा मला कुणी कपडे घातले होते.

पण मित्रांनो, पाऊस पडून गेला की बाकीचा मी वाऱ्यानं, उन्हानं वाळून जायचो. पट्टीखालचा मी मात्र ओलाच राहायचो. आधी तिथे नुसती खाज आली. मग बारीक किडे आले. मग एके दिवशी मला जाणवलं की तिथे माझा पीळ पीठ व्हायला लागलाय. वरून पट्टी मऊ, स्वच्छ, निळी. आईनं प्रेमानं झाकलेल्या जागीच मी सडत होतो, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

मग आईही गेली, आणि ताई बॅग घेऊन घरी आली. लहानपणीच्या घरी माणूस परत येतं तेव्हा त्याला सगळं लहान दिसतं म्हणे. ताईला सगळं भयंकर दिसायला लागलं. उंबरा भयंकर, चूल भयंकर, ओढा तर विचारूच नका. पहिल्याच दिवशी तिनं टेकूला वळणावर पाहिलं आणि जीव खाऊन ओरडली, "अरे, पडशील!"

त्या ओरडण्यानं त्याचं अंग उडालं आणि तो पडला. नशीब, दरडीकडे नाही, आतल्या बाजूला पडला.

"ताई," तो मातीत पडल्या पडल्या म्हणाला, "मी पडत नव्हतो. तू पाडलंस."

तो हसत होता आणि ती रडत होती. त्या दिवसापासून ताई हळू आवाजात बोलायला शिकली. पण भीती गेली नाही. तिनं वेत तासायची सुरी लपवली, खाटेभोवती उशा रचल्या, टेकूच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार असतो त्याच्याखाली रोज, पट्टे न सोडताच, थोडा जास्त कापूस कोंबायला लागली. "दुखतंय का?" विचारायची. "ठीक आहे," तो म्हणायचा. शेडमध्ये जायलाही बंदी झाली, तेव्हा मात्र तो भडकला.

"मला कपाटात ठेव आणि कुलूप लाव. म्हणजे धूळसुद्धा बसणार नाही."

"तुला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं?"

"आणि काहीच झालं नाही तर मी काय करायचं? भिंतीकडे बघायचं?"

शेवटी ती नमली. टेकू पुन्हा माझा आधार घेत शेडमध्ये जायला लागला. वळणावर तो दम खायला थांबायचा, निळ्या पट्टीवर तळवा ठेवायचा आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटायचा, "बॅग खाटेखाली तशीच आहे रे. अजून उघडली नाही तिनं. जाणार बहुतेक." त्याला वाटायचं, दोराला काय कळतंय. मला सगळं कळत होतं. त्याला ताई सोडून जाईल याची भीती, मला मी तुटेन याची. दोन घाबरट एकमेकांना धरून उभे असायचे.

एका सकाळी माझा आतला एक पेड तुटला. टक्, एवढाच आवाज झाला. टेकूनं मान वळवली. "काय रे?" तो म्हणाला. काय सांगणार? तो पुढे गेला.

त्याच आठवड्यात ताईनं मला तपासायचं मनावर घेतलं. प्रत्येक खांबापाशी थांबून ती मला ओढून बघत होती. मला वाटलं, चला, सुटलो! ती वळणावर आली. पट्टीवर हात ठेवला. बोट टाक्यांवरून फिरवलं. "आईचे टाके," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आला. मी मनातल्या मनात बोंब मारत होतो, "उसव ना बये, उसव! आयुष्यभर लोकांचे शर्ट उलटे केलेस, मला एकदा उलटून बघ!" पण आईच्या टाक्यांना कात्री लावायची तिची छाती झाली नाही. डोळे पुसून ती पुढच्या खांबाकडे गेली. मित्रांनो, इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

मग नर्सबाई आल्या. गावोगाव फिरून आजारी माणसांना बघणाऱ्या या बाई आवाजाच्या मऊ, पण शब्दांच्या खणखणीत. टेकू शेडमध्ये खुर्ची विणत होता, म्हणून ताई त्यांना तिथेच घेऊन आली. शेडची खिडकी माझ्या शेवटच्या खांबाला लागून आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"हा आधार सोडा पाहू," बाई म्हणाल्या.

"राहू द्या. ठीक आहे," टेकू घाईनं म्हणाला.

बाईंनी पट्टे सोडले, कापूस काढला. थरावर थर निघाले. खाली मोठी, ओली जखम होती.

"किती दिवस लपवलंत हे? आणि का?" बाईंनी टेकूला विचारलं.

"ही मला अपंगांच्या संस्थेत ठेवून शहरात परत जाईल म्हणून," टेकू खाली मान घालून म्हणाला.

"आणि तुम्ही हो?" बाई ताईकडे वळल्या. "वरून वरून गुंडाळत राहिलात? एकदा सोडून बघायचं नाही? झाकलेलं सडतं, बाई. उघडं असलं की वाळतं." त्यांनी जखम धुतली, हलकं औषध लावलं, आणि बजावलं की भरेपर्यंत हा लोखंडी आधार पायाला लावायचा नाही. मग त्या शेडपलीकडच्या रस्त्यानं निघून गेल्या.

आधार लावायचा नाही! म्हणजे आता पायाचा भारही माझ्यावरच.

ताई तिथे थांबली नाही. रडू दाबत ती घराकडे निघून आली आणि तिसऱ्या खांबापाशी मटकन बसली. तिचा हात माझ्यावर पडला, निळ्या पट्टीवर. पट्टी गार आणि ओलसर होती. पाऊस पडून तर बरेच दिवस झाले होते. तिनं हात काढला, बोटं चोळली, वास घेतला. मग एकदम केसांतला आकडा काढून तिनं आईचा पहिला टाका उसवला. दुसरा उसवला. पट्टी सुटत गेली, आणि आतून किडे पळाले, काळपट भुसा तिच्या मांडीवर सांडला. मी उघडा पडलो. एक पेड तुटलेला, दुसरा खाऊन गेलेला, तिसरा जेमतेम सुतळीइतका.

आणि त्याच क्षणी माझ्यावर वजन आलं.

टेकू शेडमधून निघाला होता. आधाराशिवाय, दरडीच्या कडेनं, दोन्ही हातांनी मला धरून, माझ्यावर पुरता ओणवा होऊन. ताईनं वर पाहिलं. "थांब" हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेला मी पाहिला. पण ओरडली असती तर त्याचं अंग उडालं असतं, आणि या वेळी बाजू ओढ्याची होती. धावली असती तर ती पोचायच्या आत मी तुटलो असतो.

तिनं तोंड मिटलं. एक हात खांबाला घातला, दुसऱ्या हातानं सडक्या जागेच्या पलीकडचा मी घट्ट पकडला, मनगटाला दोन वेढे मारले आणि खांबाला पाय रोवले. मग रोजच्या आवाजात, जसं काही अंगणात बसून शेंगा सोलतेय, ती म्हणाली, "टेकू, चहा घेणार का रे?"

"विचारतेस काय? पण परवासारखा फिका नको."

टक्. दुसरा पेड गेला.

"मग किती साखर घालू?"

"सढळ हातानं घाल. आज मी आजारी आहे."

तिसरा पेड तुटला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. टेकूचं सगळं वजन ताईच्या मनगटावर आलं. माझी कुसळं तिच्या कातडीत घुसली, मला तिचं रक्त लागलं. तिचे दात एकमेकांवर आवळलेले होते, आणि त्यातून ती स्वतःशीच पुटपुटत होती, "टोक सोडू नकोस. टोक सोडू नकोस." मी दोन तुकडे झालो होतो आणि मधली जागा तिनं भरून काढली होती.

टेकू पावलापावलानं आला. सवयीनं त्यानं तळवा निळ्या पट्टीच्या जागी टाकला आणि थबकला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "दोर आज गरम कसा लागतोय?"

"मी आहे ती. खाली बघू नकोस. खांबाला हात लाव. हां, असा. आता बस."

तो बसला. मग त्यानं खाली पाहिलं, भुसा पाहिला, तिचं मनगट पाहिलं. त्यानं सदऱ्याच्या टोकानं तिच्या मनगटावरचं रक्त पुसलं.

"ओरडली नाहीस," टेकू म्हणाला.

"ओरडले असते तर पडला असतास."

"बॅग का उघडत नाहीस मग?"

ताईनं मांडीवरचा भुसा झटकला. "भीती वाटते रे. बॅग उघडली म्हणजे मी इथली झाले. आणि हे सगळं मला झेपलं नाही तर?"

"आत्ता झेपलं की. मी काय हलका आहे?" टेकू म्हणाला. "चल, बॅग मीच उघडतो. आत खाऊ आहे का बघू."

बॅग त्याच दिवशी उघडली. खाऊ नव्हता, त्यावरून टेकूनं बरंच ऐकवलं. पुढे दोघांनी मिळून घायपाताचा नवा तुकडा वळला; या वेळी पीळ ताईनं घातला आणि टोक टेकूनं धरलं. "हात भरून आला," तो मुद्दाम कुरकुरत होता. तो तुकडा माझ्या दोन टोकांच्या मध्ये सांधला आहे. आता मी अर्धा म्हातारा आणि अर्धा पोरसवदा आहे. आईची निळी पट्टी टाकून दिली नाही. ताईनं ती धुऊन टेकूसाठी हातमोजा शिवला. तो रोज काढतात, धुतात आणि माझ्यावरच वाळत घालतात.

माझी भीती गेली असं नाही. टेकू निघाला की अजून मी माझा एकेक पेड मोजून बघतो. पण आता ताई दर थोड्या दिवसांनी येते, माझा प्रत्येक सांधा बोटांनी उकलून बघते, आणि तिच्या मनगटावरचा वण मला दिसतो.

मित्रांनो, ज्यांच्यावर तुमची माया आहे त्यांना ऊब द्या, जपा, गुंडाळा. पण अधूनमधून ते गुंडाळलेलं सोडून आत बघा. आम्हा दोरांना तोंड नसतं. आणि ज्यांना तोंड असतं, ती माणसंही पुष्कळदा "ठीक आहे" एवढंच म्हणतात.