पुस्तकाआडून

मेडशीला अकोल्याहून येणारी वाशिम गाडी धरली तेव्हा नऊ वाजले होते, आणि मालेगाव यायच्या आधीच वैभवीच्या पापण्या जड व्हायला लागल्या. एरवी मला बरं वाटलं असतं. लेक झोपली की पिशवीतून पुस्तक निघतं. मागच्या प्रवासाचं तिकीट खूण म्हणून घातलेलं असतं, ते काढायचं आणि खिडकीकडे वळायचं. वाशिमपर्यंत पंचवीस पानं होतात. लग्नानंतरचं माझं निम्मं वाचन एसटीतच झालं आहे. उरलेलं कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे.

पण आज तिला झोपू द्यायचं नव्हतं. वाशिमच्या एका दवाखान्यात बारा वाजता तिच्या कानांची तपासणी होती. ती झोपेतच करतात, डोक्याला तारा लावून. म्हणून फोनवर बजावलं होतं : पहाटेच उठवा, वाटेत डोळा लागू देऊ नका, इथे आल्यावरच झोपली पाहिजे.

"पाय हालव तिचे," शेजारी बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गोजराबाई. "पाणी लाव डोयाले. नाई तं इकडे दे माह्यापाशी."

"मी पाह्यते ना."

"तू पाह्यते म्हनूनच तं सहा महिने गेले."

पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. मी वैभवीच्या तळव्यांना गुदगुल्या करत राहिले.

वैभवी दोन वर्षं चार महिन्यांची आहे. तोंडातून निघतं ते एवढंच, "बा" आणि "मम". तेही कधी खिडकीला, कधी शेळीला. तिचा बाबा, पवन, तोही उशिरा बोलला होता म्हणे. शिवाय तिला ऐकू येतं याचा माझ्याकडे एक पुरावा होता. ती दीड महिन्याची असल्यापासून मी तिला मोठ्यानं वाचून दाखवत आले आहे. रोज दुपारी, रोज झोपायच्या आधी. ती डोळ्यांची पापणी न हलवता माझ्या तोंडाकडे बघत बसते. असं ऐकणारं लेकरू मी तरी पाहिलं नव्हतं. तिचं सगळ्यात लाडकं पुस्तक हत्तीचं. हत्ती आठवडी बाजारात जातो, मिरचीच्या पोत्यात सोंड घालतो आणि शिंकतो, "आऽऽ फट्‌फाडी!" साऱ्या बाजारातल्या टोपल्या उडतात. त्या जागी वैभवी उचकी लागेपर्यंत हसते. मग सांगा, न ऐकता कुणी हसेल का?

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं तेव्हा आत्याबाईंनी पहिल्यांदा विषय काढला. शेतात मळणीयंत्र धडधडत होतं, आमचं बोलणं आम्हालाच ऐकू येत नव्हतं, आणि त्याच्यापासून वीस पावलांवर बाभळीखाली वैभवी गाढ झोपलेली.

"मशिनीपाशी लेकरू झोपते का असं, अंजू?"

"दमली असंन, आत्याबाई."

"मी तिच्या डोक्यापाशी टोपलं आपटलं. हाललीबी नाई."

"ती गोष्टी आयकते माह्या. तुमी पाह्यता ना, कशी हासते."

"पाह्यते ना. तिलेबी पाह्यते अन् तुलेबी पाह्यते," त्या म्हणाल्या, आणि पोतं शिवायला गेल्या.

मला राग आला होता. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई मला लेकरू शिकवते, असंसुद्धा मनात आलं. ते इथे लिहिते, कारण ते आलं होतं.

फेब्रुवारीत अंगणवाडीत लहान मुलांना तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वैभवीच्या पाठीमागे वाटी-चमचा वाजवला, दोनदा, तीनदा, आणि चिठ्ठी दिली. वाशिमला नेऊन कान तपासून घ्या, उशीर करू नका. निळा शिक्का मारला. मी घरी आले आणि ती चिठ्ठी तेव्हा वाचत होते त्या कादंबरीत ठेवली, खुणेसाठी. त्या रात्री कादंबरी उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं मी दुसरंच पुस्तक सुरू केलं. सातवीपासून वाचते आहे, आणि पुस्तक अर्धं सोडायची सवय मला नाही. कंटाळवाणंसुद्धा मी शेवटपर्यंत रेटते. ते एकच सोडलं.

"त्या चिठ्ठीचं काय झालं वं?" आत्याबाई अधूनमधून विचारत.

"कुठं ठेवली, सापडून नाई राह्यली."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी विहिरीवरून धुणं घेऊन आले, तर खोलीत जमिनीवर माझी सगळी पुस्तकं. मधोमध आत्याबाई मांडी घालून बसलेल्या. एकेक पुस्तक पाठीकडून धरायचं, उलटं करायचं आणि गोधडी झटकतात तसं झटकायचं. बाजूला ढीग झाला होता : एसटीची तिकिटं, मेथीच्या बियांचं रिकामं पाकीट, पवनचा लग्नाआधीचा फोटो, चिंचेची वाळकी पानं. आणि सगळ्यांत वर ती चिठ्ठी. त्यांना वाचता येत नाही, पण शिक्का ओळखू येतो.

"हेच ना?"

मी खाली बसले आणि आधी पुस्तकं उचलली. दोनतीन पुस्तकांची पानं मुडपली होती, ती सरळ केली. चिठ्ठी त्यांच्याच हातात राहिली.

"सोमवारी चाल," त्या म्हणाल्या. "मी येते संगं."

म्हणून आम्ही तिघी त्या गाडीत होतो.

वाशिमला उतरलो तेव्हा दीड तास हातात होता आणि वैभवी माझ्या खांद्यावर मान टाकत होती. मी म्हणाले, "देवमनकाकाच्या दुकानात जाऊ. तिथं रमते ती, झोपणार नाई."

"आजच्या दिवशीबी पुस्तकंच सुचले तुले?"

"दवाखान्याच्या बाकड्यावर झोपली मंग?"

आत्याबाई चालू लागल्या.

देवमनकाकांचं दुकान स्टँडपासून पाच मिनिटांवर. समोर वह्या, कंपासपेट्या, भरतीच्या परीक्षांची गाईडं. ते सगळं ओलांडून आत गेलं की भिंतीला एकच कपाट, गोष्टींचं. वाशिमला कुठल्याही कामाला आले, तरी त्या कपाटापाशी गेल्याशिवाय परतीची गाडी मी धरत नाही. पवन म्हणतो, तुझं माहेर किन्हीराजाला नाही, ते त्या कपाटात आहे.

"या या, मेडशीवाल्या बाई!" काका ओरडले. "आज काय, नुसता वासच घेता का काही घेताबी? मागच्या टायमाले चार पुस्तकं हुंगून ठेवून गेल्या होत्या."

"आज सासूबाई आल्यात, काका."

"मंग तं वासबी नाई," काका म्हणाले, आणि आत्याबाईंना स्टूल पुढे केलं. "बसा आजी. सुनेनं माह्यं अर्धं दुकान वाचून काढलं, तुमाले माहीत हाये का?"

"मी झटकलं ना ते समदं," आत्याबाई म्हणाल्या. काकांना काही कळलं नाही, ते हसले.

वैभवी कपाटाच्या खालच्या फळीपाशी बसून चित्रांची पुस्तकं ओढत होती. तेवढ्यात काकांनी वरच्या माळ्यावरून गाईडांचा गठ्ठा खाली सोडला. दोरीनं बांधलेला, वीसेक पुस्तकांचा. धाडकन फरशीवर पडला. आत्याबाई "वं माय!" करून उठल्या. गाईड चाळणाऱ्या एका मुलीच्या हातातला पेन पडला. वैभवीची पाठ त्या गठ्ठ्याकडे होती. तिनं एक पान उलटलं.

रमली आहे, असं मी म्हणाले. कुणाला म्हणाले, माहीत नाही. 

आमचं हत्तीचं पुस्तक पिशवीत होतंच. मी फरशीवर बसले, वैभवीला समोर बसवलं आणि वाचायला लागले. ती माझ्या तोंडाकडे बघू लागली, नेहमीसारखी. मिरचीचं पोतं आलं. मी गाल फुगवले. ती हसली. शिंक अजून यायची होती. गाल फुगले तेव्हाच ती हसली.

रोज असंच होत असणार. रोज मी पुढची ओळ वाचायच्या घाईत होते.

मी पहिलं पान पुन्हा काढलं. या वेळी पुस्तक वर उचललं, माझ्या तोंडासमोर, आणि त्याच्या आडून वाचलं. सगळं पाठच आहे. "आऽऽ फट्‌फाडी!"

गाईडवाली मुलगी हसली. देवमनकाका म्हणाले, "आज हत्तीले सर्दी लयच झाली वाटते."

वैभवी मुखपृष्ठावरच्या हत्तीच्या शेपटीवर बोट फिरवत होती.

मी आणखी मोठ्यानं शिंकले. मग आणखी. आवाज फाटला. पुस्तकाच्या वरच्या कडेला दोन बोटं आली. तिनं पुस्तक हळूच खाली वाकवलं, मी कुठं गेले ते बघायला. माझा चेहरा दिसला तशी खदखदून हसली.

आत्याबाई स्टुलावर बसून हे पाहत होत्या. त्या उठल्या, वैभवीला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "चाल. टाइम झाला."

दवाखान्यातल्या खोलीत एक पलंग, एक संगणक, आणि तपासणी करणाऱ्या निकिता मॅडम. माझ्यापेक्षा लहानच असतील. "हिला झोपवा," त्या म्हणाल्या. "रोज कशी झोपवता?"

"वाचून." ते सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग वाचा."

मी वैभवीला छातीशी घेतलं. तिनं नेहमीप्रमाणे गाल माझ्या गळ्याखाली टेकवला, आणि मी वाचलं. बाजार, टोपल्या, मिरच्या. चौथ्या पानावर ती झोपली. मॅडमनी तिच्या कपाळाला, कानामागे तारा चिकटवल्या. पडद्यावर रेघा सरकायला लागल्या. एक तास आम्ही गप्प बसून होतो. पिशवीत पुस्तक, मांडी मोकळी, कुणी हाक मारणारं नाही. असा तास मला वर्षातून एकदाही मिळत नाही. मी त्या रेघांकडेच बघत होते, जणू मला वाचता येतील.

मॅडमनी सांगितलं ते साधं होतं. दोन्ही कानांनी खूपच कमी. यंत्राशिवाय बोलणं पोचणार नाही. अकोल्याला आणखी तपासण्या, मग यंत्र, त्यानं भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार, आणि मग रोज शिकवणं.

"पण ती माझं वाचन..."

"बघत होती ताई. आणि छातीला गाल लावला की थरथर कळते तिला. पण त्याला ऐकणं समजू नका. याच समजुतीत घरचे थांबतात."

"ऑक्टोबरात आणलं असतं तर?"

त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे दिला. "तर आज यंत्र कानात असतं. या वयात सहा महिने लहान नसतात. पण आता अकोल्याची तारीख चुकवू नका."

परतीच्या गाडीत पवनचा फोन आला. आत्याबाईंनीच घेतला. "घरी आल्यावर सांगते," म्हणाल्या आणि ठेवला. नंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर नांगरून ठेवलेली रानं, ऊन.

"काहीतरी बोला ना," मी म्हणाले.

"काय बोलू?"

"माह्या पुस्तकाले शिव्या द्या."

"देल्ल्या असत्या." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पन मले तं सोयाबीनच्या टायमालेच समजलं होतं ना. तुह्याशी एकडाव बोलली अन् चिठ्ठी येईपर्यंत बसली चूप. पवनले नाई सांगतलं. म्हटलं, लोकं म्हनतीन पोरीत खोट हाये. तू चिठ्ठी पुस्तकात घातली, मी गोष्ट तोंडातच ठेवली."

माझ्या हातात रिपोर्ट होता, चार घड्या घातलेला. त्यांनी तो काढून घेतला आणि कमरेच्या पिशवीत खोचला. "हे माह्यापाशीच राहू दे."

मी दिला. त्यांचं बरोबर होतं.

वैभवी ताजीतवानी झाली होती. तिनं पिशवीत हात घालून हत्ती बाहेर ओढला, माझ्या मांडीवर आपटला आणि स्वतःचे गाल फुगवून दाखवले. वाच.

मला आवाज काढवेना. कशाला काढायचा, असं वाटलं. मी नुसतेच ओठ हलवले. बाजार, टोपल्या. ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं गाल माझ्या छातीला लावला, आणि लगेच मान वर केली. पुन्हा लावला. पुन्हा वर. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं तळहातानं माझ्या छातीवर थापट्या मारल्या, एक, दोन, विहिरीवरची मोटर बंद पडली की पवन स्टार्टरच्या डब्यावर मारतो तशा.

हे ऐकणं नाही. मॅडमनी सांगितलं होतं, आणि मी ते विसरणार नाही. पण ती थापट्या मारत होती.

मी वाचायला लागले. शब्द धड निघत नव्हते.

"जोरानं वाच वं," आत्याबाई म्हणाल्या. "गाडीचा आवाज लय हाये."

म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग त्यांनी मान फिरवली.

मी जोरानं वाचलं. कंडक्टरनं वळून पाहिलं, मागून कुणीतरी हसलं. पुस्तक मांडीवर खाली धरलं होतं, माझं तोंड दिसेल असं, आणि मालेगाव येईपर्यंत हत्ती सात वेळा शिंकला.