डाव्या गुडघ्याचं पातं

बाळ एकोणसाठ वर्षांचा होता, डोक्यावर केस औषधालाही उरले नव्हते, तरी मोठ्या बहिणीच्या लेखी तो बाळ तो बाळच. ही ताई पस्तीस वर्षं लोकांचे दात पाहून निवृत्त झाली. तिने दवाखान्याची पाटी उतरवली आणि दुसऱ्याच दिवशी बाळ आपल्या गिटारी घेऊन तिथे दाखल झाला. "चार दिवस ठेवतो फक्त," म्हणाला. त्याला आता सहा वर्षं झाली.

खांद्याला अडकवून मिरवायच्या गिटारी नव्हेत या. पेडल स्टील गिटार चार पायांवर टेबलासारखी उभी असते. वाजवणारा तिच्यापुढे खुर्ची ओढून बसतो, एका हाताने पोलादी कांडी तारांवरून सरकवतो, दुसऱ्याने तारा छेडतो, पायांनी पेडलं दाबतो आणि गिटारीच्या पोटाखाली लोंबणारी लोखंडी पाती गुडघ्यांनी डावी-उजवीकडे ढकलतो. त्या दाबाने पोटातल्या सळ्या तारा ताणतात, आणि वाजता वाजताच सूर वर चढतो, खाली उतरतो. रडणारं माणूस मध्येच हसावं तसा. हात, पाय, गुडघे सगळेच एकदम कामाला. ताई म्हणायची, एवढे अवयव तर मला संसारालाही लागले नाहीत.

बाळकडे अशा नऊ जुन्या गिटारी होत्या. कोणी बघायला आलं की तो त्यांना आधी जमिनीवर बसवायचा. "वरून काय बघता? खालून बघा!" खाली खरोखरच बघण्यासारखं असायचं. एका कारागिराने सळ्यांची टोकं अशी घासून गोल केली होती की बोट फिरवत राहावं. दुसऱ्याने, जिथे कुणाचीही नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात, लाकडात बारीकशी वेल कोरली होती. ती वेल दाखवताना बाळचे डोळे दरवेळी भरून यायचे, आणि ताई दरवेळी खिडकीबाहेर बघायची, कारण तिचेही यायचे.

दहाव्या गिटारीच्या मागे बाळ वीस वर्षं होता. केव्हाच बंद पडलेल्या एका छोट्या कारखान्यातली, तांबूस लाकडाची. तशा फार थोड्या बनल्या होत्या, आणि त्यांतली एक ब्याऐंशी वर्षांच्या एका वादकाकडे होती. त्यांनी तिच्यावर उभी हयात वाजवलं होतं. मग आजारपण आलं, दोन वर्षं गिटार अडगळीच्या खोलीत पडून राहिली आणि सगळी पेडलं घट्ट बसली. एक दिवस त्यांची लेक ती गाडीत घालून घेऊन आली. तिच्याबरोबर वादककाकांचा निरोप होता: "नीट करून द्या. मी येऊन बसून बघतो. वाजवता आली तर घरी नेईन. नाही आली, तर ती तुमची. अडगळीत पडण्यापेक्षा तुमच्याकडे सुखात राहील."

बाळने तोंडाने "काका नक्की वाजवतील" म्हटलं. मनाच्या एका कोपऱ्यात मात्र वेगळंच आलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. लाज वाटली म्हणून ते गेलं असं मात्र नाही.

काम तीन आठवडे चाललं. जुनं तेल सुकून डिंकासारखं झालं होतं. दात तपासायचा छोटा आरसा आणि बारीक आकडी घेऊन ताई गिटारीखाली उताणी झोपायची. "आ करा," असं सवयीने म्हणायची आणि स्वतःच हसायची. एकेक सळी काढून, पुसून, ट्रेमध्ये क्रमाने मांडायची. सगळ्यात आधी मात्र, कशालाही हात लावण्यापूर्वी, ती प्रत्येक झिजलेल्या, वाकलेल्या भागाचा ठसा घ्यायची. दवाखान्यात कवळीसाठी घ्यायची तसाच, पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टरमध्ये. त्यावर पेन्सिलीने तारीख, आणि ठसा खणात.

"हिला कवळी बसवणार आहेस का गं?" बाळ चिडवायचा.

"काढलेला दात परत उगवत नाही, बाळ्या. आधी ठसा, मग हात."

बाळच्या वाट्याला लाकूड, तारा आणि चकाकी. काका यायच्या दिवशी सकाळी ताई डोळे तपासायला गेली होती. बाळ शेवटचा हात फिरवत होता, तेव्हा त्याला दिसलं की डाव्या गुडघ्याचं पातं आतल्या बाजूला वाकडं झालंय. अडगळीत कशाखाली तरी दबलं असणार. एवढी देखणी गिटार आणि हे असं वाकडं! त्याने ते काढलं, शिकंज्यात धरलं आणि ओळंब्यात असावं तसं सरळ करून परत बसवलं. आपल्या कामावर तो जाम खूश झाला.

ताई परतली ती डोळ्यांत औषध घालून, सगळं धूसर दिसत असल्यामुळे भिंत धरत. मागोमाग काका आणि त्यांची लेक आलीच.

काका सावकाश खुर्चीवर बसले. आधी दोन्ही हात नुसतेच लाकडावर ठेवले, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावेत तसे. मग कांडी उचलली. पहिलाच सूर असा निघाला की बाळला वाटलं, नऊ गिटारी असून आपण आजवर काहीच ऐकलेलं नाही. पेडलं लोण्यासारखी खाली जात होती. ओळ पुढे सरकली, काकांचा डावा गुडघा बाहेर वळला, आणि चढायचा सूर होता तिथेच राहिला.

काका थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी सूर अडला. तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळून गुडघा बाहेर रेटला, पण तो पात्यापर्यंत पोचलाच नाही.

त्यांनी कांडी खाली ठेवली.

"संपलं," ते म्हणाले. "कानात आहे सगळं, पण अंगात नाही राहिलं. गिटार तुम्ही झकास केलीत हो. मीच मोडलोय."

"बाबा, दमला असाल. पुन्हा येऊ," लेक म्हणाली.

"पुन्हा येऊन काय होणार? ठरल्याप्रमाणे ती यांची." त्यांनी बाळकडे पाहिलं. "सांभाळा तिला."

काय झालं ते बाळला लख्ख कळलं होतं. ते पातं वाकलेलं नव्हतंच, वाकवलेलं होतं. वीस वर्षं ज्या गिटारीने त्याची झोप उडवली ती आता त्याची झाली होती, आणि त्यासाठी त्याला काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. कुणाला कळणार होतं? ताईला तर आज समोरचा माणूसही धड दिसत नव्हता. काका काठी शोधत होते. उभं राहताना त्यांचं वय खोलीत आले तेव्हापेक्षा दहा वर्षांनी वाढल्यासारखं दिसलं.

"काका, बसा," बाळ म्हणाला. "तुम्ही नाही मोडलात. मी शहाणपणा केला. ते डावं पातं आत वाकलेलं होतं, मी आज सकाळी ते सरळ केलं. मला वाटलं, बिघडलंय."

काकांनी आपल्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.

"अरे हो की! सायकलवरून पडलो होतो मी. पंचविशीत असेन. तेव्हापासून हा गुडघा पूर्ण उघडत नाही. मग मीच ते पातं दाराच्या फटीत घालून वाकवलं होतं. इतकी वर्षं झाली, विसरूनच गेलो!"

"पण ते नेमकं किती वाकलेलं होतं, ते मला आता..." बाळचं वाक्य अर्धंच राहिलं.

कारण ताई त्याच्या शेजारी येऊन उभी होती, आणि तिच्या हातात प्लॅस्टरचा ठसा होता. खणातून तो तिने केव्हा काढला, त्याला कळलंही नव्हतं.

"काढ ते पातं," ती म्हणाली.

पुढची वीस मिनिटं बाळ जन्मात विसरणार नाही. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून ताईने ते सगळं बोटांनी केलं. पातं शिकंज्यात किंचित दाबायचं, ठशात घालून बघायचं, अंगठ्याने फट चाचपायची, पुन्हा किंचित दाबायचं. पस्तीस वर्षांत कितीतरी लोकांच्या तोंडात हजार वेळा गेलेली ती बोटं केसभर चुकत नव्हती. शेवटी पातं ठशात असं बसलं की हलेना. काका तर गिटार सोडून तिच्या हातांकडेच बघत होते.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही वाजवत का नाही?"

"घरात एक वेडा पुरे आहे," ताई म्हणाली.

काका पुन्हा बसले. तीच ओळ, तीच जागा. गुडघा जेमतेम चार बोटं बाहेर गेला आणि सूर उचलला गेला, इतका अलगद, इतका सरळ काळजात, की त्यांची लेक तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळली. काका थांबले नाहीत. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, डोळे मिटून अर्धा तास वाजवत राहिले. बाळ जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि गिटारीच्या पोटाखाली त्या म्हाताऱ्या गुडघ्याची चाल बघत होता. तो पोरासारखा रडत होता आणि त्याला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

गिटार गाडीपर्यंत त्याने स्वतः उचलून नेली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

गाडी गेल्यावर दोघं आत आली. नऊ गिटारी आणि खिडकीजवळ दहावीसाठी मोकळी ठेवलेली जागा. त्या जागेकडे बघवत नव्हतं.

"ताई, मी बोललोच नसतो तर?"

"तर मी बोलले असते. सूर दुसऱ्यांदा अडला तेव्हाच मी खण उघडला होता." ताई चाचपडत चहाचं भांडं शोधत होती. "पण मग तुझा चहा टाकला नसता. आजही नाही, पुढेही नाही."

ठसा आता त्या मोकळ्या जागेवर असतो, छोट्या स्टुलावर. बघायला येणारे नऊ गिटारींखालून वाकून बाहेर येतात, कंबर धरतात आणि विचारतात, हा प्लॅस्टरचा तुकडा कसला?

"ही दहावी," बाळ सांगतो. "सध्या काका वाजवतायत."