बुचाभोवतीचं पाणी

सकाळी सातला जेद्दाजवळच्या ओभुरच्या धक्क्यावर आमचे इकामे, म्हणजे सौदीत राहण्याचे परवाने, तटरक्षकांच्या खिडकीत तपासायला गेले, तेव्हा अस्माने श्रुतीचा हात धरलेला होता. माझ्या हातात आइसबॉक्स होता.

बोट लहान होती, शिडाची, सहा माणसांची. आमच्या लॅबमधली सौदी सहकारी अस्मा, तिच्यावर लक्ष ठेवायला घरून पाठवलेला आणि बोटीवर चढताच पुढच्या टोकाला जाऊन झोपलेला तिचा भाऊ फहाद, श्रुती, तिचा नवरा मनीष, मी आणि बोट चालवणारे सिराजुद्दीनमामू. मामू मूळचे श्रीवर्धनचे. माझं नाव यादीत वाचून त्यांनी विचारलं, "कुठली गो तू?"

"पावसची. रत्नागिरीजवळ."

"म्हंजे आमचीच की! दर्या लागत नाय ना?"

"नाही मामू."

"आम्ही नाशिकचे," मनीष मध्येच म्हणाला. "आमच्याकडे पाणी धरणात असतं. तिथून हलत नाही."

"मग शेठ, त्या दांडीखालून उठा," मामूंनी शिडाच्या खालच्या आडव्या दांडीकडे बोट केलं. "ती हलते."

सगळे हसले. अस्माला मराठी कळत नाही. श्रुतीने तिच्या मोडक्या अरबीत विनोद समजावून सांगितला, तोही अर्धा चुकीचा, आणि अस्मा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी जेद्दात वाढलेय. माझी अरबी श्रुतीच्या दसपट चांगली आहे. तोच विनोद मी नीट सांगू शकले असते. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

मार्च २०१९ची तेवीस तारीख होती, शनिवार. आमची लॅब समुद्राच्या आणि सांडपाण्याच्या नमुन्यांची तपासणी करते. मी रसायनं बघते, श्रुती बॅक्टेरिया. आदल्या आठवड्यात आमचे मॅनेजर हेमचंद्र सर दोघींना केबिनमध्ये बोलावून म्हणाले होते, "सौदीकरणाचा नवा आकडा आलाय. लॅबमध्ये यापुढे परदेशी माणूस एकच. एक तारखेपासून अस्मा सेक्शन हेड. तुमच्यापैकी कोणाला ठेवायचं ते तीच लिहून देईल. मला मध्ये घालू नका." त्यांना पुण्याला परत जायचे वेध लागले होते, त्यामुळे आवाजात राग नव्हता, फक्त घाई होती.

श्रुतीची नोकरी गेली असती तरी ती मनीषच्या इकाम्यावर जेद्दातच राहिली असती. माझं तसं नव्हतं. अब्बा जुलैत निवृत्त होणार होते. त्यानंतर त्यांचा आणि अम्मीचा खुरूज, म्हणजे कायमची परतपाठवणी, आणि त्यांच्या इकाम्यावर असलेली मीही त्यांच्याबरोबर. राहायचं तर कंपनीनेच मला स्वतःचा इकामा द्यायला हवा होता. चोवीस वर्षांपैकी एकोणीस वर्षं मी या शहरात काढली आहेत. मला राहायचं होतं, आणि हेच काम करायचं होतं.

मला वाटायचं, यात शंका घेण्यासारखं काय आहे? अस्मा नोव्हेंबरात आली तेव्हा तिला पिपेट धरता येत नव्हती. मी शिकवलं. मोजणं, धुणं, नोंदी, किती चूक होऊ शकते याचा अंदाज काढणं, सगळं. ती मला 'उस्ताझा' म्हणायची, म्हणजे बाई, गुरुजी. श्रुतीला मात्र 'शुशू'. श्रुती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पण मी एकदा ताई म्हटलं तर म्हणाली, "ताई नको गं, म्हातारं वाटतं." अशी ती सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकणारी. मला ते जमत नाही.

मी अस्माला सगळं शिकवलं असं म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. एक गोष्ट मी हातची राखली होती.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर नमुना जागेवरच काचेच्या बाटलीत भरतात, त्यात दोन रसायनं घालून तो पक्का करतात, काचेचं बूच बसवतात आणि आइसबॉक्समध्ये ठेवून लॅबमध्ये आणतात. अस्माचे आकडे नेहमी माझ्यापेक्षा जास्त यायचे, लिटरला शून्य पॉइंट तीन मिलिग्रॅमने. एवढ्याने घाणेरडं पाणी बरं दिसायला लागतं. हा फरक कशाने येतो ते मी तीन आठवडे शोधलं. समुद्राचं पाणी एकतीस अंशांचं. बर्फात ते थंड होतं, आकसतं, आणि बुचाच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढून घेतं. उपाय सोपा. बाटलीच्या तोंडाला बुचाभोवती एक पसरट कडं असतं. त्यात थोडं पाणी ओतायचं आणि वरून प्लास्टिकचं झाकण लावायचं. मग हवेऐवजी तेच पाणी आत जातं. पुस्तकांत हे आहे. आमच्या लॅबच्या कार्यपद्धतीच्या कागदात मात्र नव्हतं. तिथे फक्त 'बूच घट्ट बसवा' एवढंच.

मी माझ्या बाटल्यांना झाकणं लावायचे आणि लॅबमध्ये पोचायच्या आत काढून खिशात टाकायचे. सौदीकरणाच्या त्या वर्षांत आपल्या जागी येणाऱ्याला शिकवणाऱ्या प्रत्येकाने असं काहीतरी मुठीत ठेवलेलं असायचं. आमच्याच इमारतीतला एसी मेकॅनिक एका स्क्रूबद्दल असंच बोलायचा. तेव्हा मला त्यात गैर वाटलं नाही.

फेब्रुवारीत एकदा मी सांगायला निघाले होते. एका ग्राहकाने अस्माचा रिपोर्ट परत पाठवला, सरांनी तिच्याकडून चाळीस नमुने पुन्हा करून घेतले, आणि आकडे पुन्हा तसेच आले. ती स्टोअररूममध्ये गेली. मी मागोमाग गेले. दाराच्या काचेतून दिसलं, अस्माचं डोकं श्रुतीच्या खांद्यावर होतं आणि श्रुती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी टेबलाशी परत येऊन ब्युरेट धुतली. स्वच्छ होती, तरी धुतली.

ही सहल अस्मानेच ठरवली होती. सहल आणि काम दोन्ही. बेटाभोवती एक पूर्ण फेरी मारायची, सहा ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरायच्या: एक तिने, एक मी. "तू जे करशील ते मी तसंच्या तसं करणार," ती मला म्हणाली. "आज माझी चूक सापडलीच पाहिजे, उस्ताझा."

अकराच्या सुमाराला बेट दिसलं. बेट म्हणजे वाळूची एक पांढरी रेघ आणि भोवती प्रवाळाचा फिका हिरवा पट्टा. वारा वायव्येचा होता. मामूंनी शीड ओढून बोट एका कुशीवर कलवली तेव्हा मनीषने देवाचं नाव घेतलं. पहिल्या ठिकाणी अस्मा माझ्या इतकी जवळ बसली की तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. बाटली बुडवली, बुडबुडा न राहू देता भरली, रसायनं घातली, तपकिरी साका सगळीकडे सारखा पसरेपर्यंत उलटसुलट केली. माझ्या प्रत्येक हालचालीचं तिने अनुकरण केलं. मग मी म्हणाले, "दे, बर्फात मी ठेवते." त्यांच्याकडे पाठ करून माझ्या बाटलीच्या कड्यात पाणी ओतलं, झाकण लावलं. तिच्या बाटलीला काही केलं नाही. चार ठिकाणी असंच.

चौथ्या ठिकाणानंतर बेटाच्या दक्षिणेच्या आडोशाला नांगर टाकून आम्ही जेवलो. अम्मीने सांदणं आणि कोंबडीचं कालवण दिलं होतं. अस्माने एक सांदण खाल्लं, "माशाअल्लाह, उस्ताझा," म्हणाली, आणि श्रुतीच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांकडे वळली. साडेतीन पुऱ्या. उरलेली अर्धी श्रुतीने खाल्ली, तिच्याच हातातून.

"शुशूने माझी चूक शोधलीये," अस्मा एकदम म्हणाली. चेहरा खुललेला होता. "सांग ना!"

"अगं, नक्की असं नाही," श्रुती म्हणाली. "मला वाटलं आपलं. ती रसायन घालते ना, तेव्हा पिपेटचं टोक कधीकधी पाण्याच्या वर असतं. थेंबाबरोबर हवा जात असेल. नूरैन, तुला काय वाटतं?"

"तेच आहे!" अस्माने तिला मिठी मारली. "पाच महिने! आणि शुशूने दोन मिनिटांत..."

थेंबाबरोबर जाणारी हवा मी डिसेंबरातच तपासली होती. फरक पडतो शून्य पॉइंट शून्य दोनचा. साफ चुकीचं उत्तर, आणि त्यासाठी मिठी.

"तसं नाहीये ते," मी म्हणाले.

आइसबॉक्स उघडून मी पहिल्या ठिकाणच्या दोन्ही बाटल्या काढल्या आणि उन्हात धरल्या. अस्माच्या बाटलीत बुचाखाली तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा होता. माझ्या बाटलीत नव्हता. मी झाकण काढून कड्यातलं पाणी दाखवलं.

अस्माने दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "थंड झालं की आकसतं. हवा आत ओढली जाते. आणि इथे... तुझ्याकडे पाणी ओढलं जातं!" ती हुशार आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. बाटल्या खाली ठेवून तिने माझ्या गळ्यात हात टाकले. "उस्ताझा! या अल्लाह, उस्ताझा!" तिच्या अबायाला पुऱ्यांचा वास येत होता. श्रुती टाळ्या वाजवत होती. मनीषने पुढे जाऊन फहादला उठवलं. मी अस्माच्या खांद्यावरून श्रुतीकडे पाहिलं, आणि मला जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही: मला वाटलं, आता कळलं?

अस्माने मला सोडलं. "हे तुला कधी सापडलं?"

'आत्ताच, बुडबुडा बघून,' असं मी म्हणू शकले असते. झाकण होतं खरं, पण तेही 'आज करून पाहिलं' म्हणून खपलं असतं. पण कोणी तारीख विचारली की माझ्या तोंडून तारीखच येते.

"चौदा जानेवारी."

ती हसत होती, ते हसू लगेच गेलं नाही. आधी डोळे थांबले.

"माझा रिपोर्ट फेब्रुवारीत परत आला."

"हो."

"चाळीस नमुने मी पुन्हा केले. तू शेजारच्या टेबलावर होतीस."

"होते."

"मी तुला विचारलं होतं, माझं कुठे चुकतंय. तू काय म्हणालीस?"

"पद्धत बरोबर आहे म्हणाले."

"ते खरं होतं?"

"कागदाप्रमाणे खरं होतं."

मनीष पुढून मागे येत होता, तो अर्ध्यात थांबला. मामूंना आमची इंग्रजी-अरबी किती कळली माहीत नाही, पण ते दोरीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधायला लागले.

"आणि आज सकाळपासून?" अस्मा म्हणाली. "या चार बाटल्या? मी तुझ्या शेजारी बसले होते."

मी दोन्ही बाटल्या बर्फात परत ठेवल्या.

"का?"

"एकच जागा होती," मी म्हणाले. स्टोअररूमच्या दाराची काच सांगता येण्यासारखी नव्हती.

"अस्मा, जाऊ दे ना," श्रुती म्हणाली. "भीती वाटते गं माणसाला. तिचे अब्बा परत चाललेत, तिला जावं लागेल. मी तर इथेच असणारे. तू तिलाच ठेव."

तिने माझी बाजू घेतली, आणि त्या दिवसात मला कशाचाही आला नव्हता एवढा राग त्याचा आला. द्यायला तिच्याकडे इतकं होतं, की माझी नोकरीसुद्धा तीच मला देत होती.

अस्माने मान हलवली. "शुशू, तुझे आकडे दोनदा चुकले. दोन्ही वेळा तू स्वतः येऊन सांगितलंस. उद्या मी सरांना तुझं नाव देते. खलास." मग माझ्याकडे वळून, अगदी सभ्यपणे, "उस्ताझा, एक तारखेपासून त्या रिपोर्टवर माझी सही असणार आहे. शेजारच्या टेबलावर कोण काय लपवतंय ते मी रोज कशी शोधू?"

तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

"डोकी खाली! फिरवतो," मामूंनी हाक दिली. नांगर वर आला, दांडी आमच्या डोक्यांवरून या बाजूची त्या बाजूला गेली, आणि आम्ही सगळे उठून वरच्या कुशीला बसलो. अस्मा आणि श्रुतीच्या मध्ये मनीष होता. माझ्या शेजारी आइसबॉक्स.

दोन ठिकाणं उरली होती. अस्माने पिशवीतून नोंदींचं पॅड काढून माझ्यापुढे धरलं. "लिहून दे. कार्यपद्धतीच्या कागदात घालायचंय."

मी लिहायला घेतलं. बोट लाटांवर आपटत होती, तरी अक्षर मी नीट काढलं. नमुना पक्का करून बूच बसवल्यावर बाटलीच्या कड्यात त्याच ठिकाणचं पाणी भरावं. त्यावर प्लास्टिकचं झाकण लावावं. लॅबमध्ये मोजणी सुरू होईपर्यंत झाकण काढू नये. बुचाखाली बुडबुडा दिसल्यास नमुना टाकून द्यावा. आणखी काय लिहावं याचा मी विचार केला. आणखी काही नव्हतं. पानाचा तीन चतुर्थांश भाग कोरा राहिला.

मी पॅड पुढे केलं. ते अस्माकडे जाताना वाटेत श्रुतीने वाचलं. इंग्रजीतल्या त्या चार ओळी तिने बोट फिरवत दोनदा वाचल्या, मागचं पान उलटून पाहिलं.

"एवढंच?" तिने मला मराठीत विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की पुढे अजून काहीतरी असणार.

"एवढंच," मी म्हणाले.

तिने पॅड अस्माला दिलं. मनीषच्या पुढून वाकून दोघी डोक्याला डोकं लावून ते वाचू लागल्या. अस्माने काहीतरी विचारलं, श्रुतीने "मला नाही माहीत, नूरैनला विचार," असं सहज सांगून टाकलं, आणि मला तिचा पुन्हा हेवा वाटला.